मेंढरांवरची अक्षरं

बाईची गोष्ट सांगायची तर आधी कातरणीची सांगावी लागती. कातरणी झाली नसती तर मेंढरं उघडी पडली नसती, आन् मेंढरं उघडी पडली नसती तर आमच्या पुतळीला लिहायला जागाच घावली नसती. पण थांबा, मी लई पुढं पळाले. पहिल्यापासून सांगते.

मी सखूबाई. धनगराची. आमचं घर देवगाव रंगारीच्या अंगाला, पण घरात आम्ही पावसाळ्यापुरतेच. दिवाळी उरकली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आन् मेंढरं घेऊन बिडकीनच्या पल्याड काळ्या रानात उतरायचं. तिथले शेतकरी पिकं निघाल्यावर रानात मेंढरं बसवून घेतात. लेंड्यांनी रान खतावतं, आमच्या पदरात ज्वारी पडती, मेंढरांना धसकटं-पाला मिळतो. त्या साली आम्ही पुंजाराम पाटलाच्या रानात होतो. मागच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडाभर जाळपोळ झालेली, त्याच्या पुढचा हा फाल्गुन. वरून सगळं निवलेलं दिसायचं. पण बाया पाण्याला जाताना हळू बोलायच्या, आन् एस्टीतून अनोळखी माणूस उतरला की पारावरची माणसं गप व्हायची.

आमचं दुखणं येगळंच होतं. माझ्या दिराला, मल्हारीला, चिकलठाण्याला कंपनीत काम लागलं. भोंगा वाजला की पळायचं, भोंगा वाजला की सुटायचं. मेंढरांमागं उन्हात हिंडण्यापरीस बरं, म्हणाला. बरं असंल बाबा, मी कशाला नाय म्हणू. पण त्यानं काठी टाकली ती उचलायला घरात कोण होतं? माझा नवरा कारभारी मोठ्या मेंढरांमागं. सासू बानाबाई, तिचे गुडघे गेलेले. मी चूल, पाणी, सरपण, मेंढरांभोवतीचं जाळं, वाघूर, लावणं-काढणं. ऱ्हायली सात वर्सांची पुतळी. कोकरं तिच्या जिम्म्याला आली. दिवसभर कोकरं हाकायची, कुत्र्याला भ्यायची नाय, रडायची नाय. माझंच लेकरू, पण मला तिची कीव यायची.

पाटलाच्या रानाला लागूनच शाळा होती. दोन खोल्या, त्यात मोठी पोरं गुरुजींकडं. पहिलीचा वर्ग बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. तो नव्या बाईंकडं. हिवराळे बाई. शहरातून रोज पहिल्या एस्टीनं यायच्या, दुपारच्या एस्टीनं जायच्या. वय काय असंल, माझ्याहून ल्हानच. अंगानं काडी. बाई बौद्धाच्या, म्हणून गावातल्या लई जणांनी पोरं घरी ठिवली होती. खुद्द पाटलाची नात आशी दिवाळीपासून दारात गोट्या खेळत होती. बाईंच्या मामाचं घर त्या जाळपोळीत गेलं म्हणं. बाई त्यातलं एक अक्षर बोलायच्या नाय. ऱ्हायलेली धा-बारा पोरं घेऊन लिंबाखाली बसायच्या आन् असं शिकवायच्या की जशी समोर शंभर पोरं हायेत.

मी वाघुरीच्या आडून बघायचे. काय सांगू तुम्हाला! आमच्या ऐकण्यात शाळा म्हणजे छडी आन् बोंबलणं. हिथं तर येगळाच खेळ. लिंबाला मोहर आलेला, तो पोरांच्या डोक्यावर पडायचा. बाई म्हणायच्या, "झाडू नका रे, राहू द्या. मोजा कोणाच्या डोक्यावर किती पडलीत ते." झालं! पोरं एकमेकांची डोकी मोजायला लागायची. चिंचोके मांडून अक्षरं काढायची. नदीची चिखलमाती आणून बैल करायची, आन् बैलाचे पाय मोजून हिशेब करायचा. पळसाची फुलं उकळून रंग केला तवा तर पोरांनी बाईंचं पातळसुद्धा सोडलं नाय. बाई रागावल्या नाय, उलट म्हणाल्या, "आता सांगा, फूल केशरी आणि रंग पिवळा, असं कसं झालं?" मला तरी कुठं ठावं! मी त्या दिवशी भाकरी थापता थापता तोच इचार करत होते, आन् भाकरी करपली.

पुतळी कोकरं घेऊन वाघुरीपाशी उभी ऱ्हायची. पाय रानात, मान शाळंत. एका दिवशी बाई उठून सरळ वाघुरीपाशी आल्या.

"हिला पाठवा ना वर्गात," मला म्हणाल्या.

"कोकरं कोण बघंल बाई? आमचं पोट त्यांच्यावर हाये."

"मग कोकरं घेऊनच येऊ दे."

मला वाटलं बाई चेष्टा करती. पण नाय. दुसऱ्या दिवशी कोकरं लिंबाच्या सावलीला, आन् पुतळी त्यांच्या मधी पाटी घेऊन. पाटी बाईंनीच आणली, कोपरा फुटलेली. बाईंनी एक कोकरू उचलून मांडीवर घेतलं आन् पोरांना म्हणाल्या, "पुस्तकात आहे क कमळाचा. कमळ कोणी पाहिलंय का?" कोणीच नाय. "मग आपला क कोकराचा." कोकरानं त्यांच्या पातळावर लेंड्या टाकल्या. पोरं हसून लोळली. बाईंनी लेंड्या मोजायला लावल्या! अशी बाई मी उभ्या हयातीत बघितली नाय.

कारभारी कुरकुर करायचा. "मेंढीमागं जाणाराला क कशाला लागतो?" पण कोकरं उपाशी ऱ्हात नव्हती, हरवत नव्हती, मंग बोलणार काय? होळीनंतर सकाळची शाळा झाली तशी पोर आणखी लवकर उठायला लागली. आत्याबाईंचा, म्हंजे माझ्या सासूचा, तिढा येगळा होता. बाई तहान लागली की आमच्या पालावर यायच्या. आत्याबाई तांब्या हातात द्यायची नाय, वरून ओंजळीत पाणी ओतायची. बाई खाली वाकून प्यायच्या, पदरानं तोंड पुसायच्या, "बरं वाटलं आजी," म्हणायच्या आन् जायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण सासूपुढं तोंड कोण उघडंल?

फाल्गुन सरता सरता कातरणी आली. कातरणी म्हंजे आमची मोठी लगबग. मेंढरू आडवं पाडायचं, चारी पाय बांधायचे, गुडघा मानंवर ठिवून कातर चालवायची. कारभाऱ्याचे हात फोडांनी भरले, माझी पाठ सरळ होईना, सगळ्यांच्या नाकातोंडात लोकर. कातरून झालं की मेंढरं न्हाणवलेल्या लेकरावाणी बारीक दिसतात. मंग खुणेचा गेरू लावायचा. दर घराची खूण येगळी, म्हंजे दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी वळखू यावं. आमची खूण मागच्या पुठ्ठ्यावर दोन बोटं. कारभाऱ्यानं दोन बोटं ओढली, गेरूचं डबडं तसंच ठिवलं आन् आम्ही सांजचं जेवायला बसलो.

त्याच दिवशी बाईंनी पोरांना घरचा अभ्यास दिला होता. घरातल्या वस्तूंवर त्यांचं पहिलं अक्षर काढून यायचं. चुलीवर च, जात्यावर ज, दारावर द. गावातल्या पोरांना घरं होती. आमच्या पालाला ना भिंत ना दार. चूल म्हंजे तीन दगडं. पुतळी गेरूचं डबडं घेऊन मेंढरांकडं गेली ती गेलीच. मला वाटलं खेळत असंल.

सकाळी उजाडलं आन् कारभारी ओरडला, "अगं ए! हे काय झालं?"

मी बघते तर दर मेंढराच्या खांद्यावर गेरूनं काहीतरी काढलेलं. कुठं वाकडं, कुठं फुगलेलं, कुठं गळलेलं. कारभाऱ्यानं पुतळीवर हात उगारला. आत्याबाई मधी पडली. "थांब रं. काय गं पुतळे, हे काय लावलंस?"

"आज्जे, ही गंगी नाय का? तिचं ग. ही भुंडी, तिचं भ. ही चांदी. हा राघू एडका. माझ्याकडं दुसरं काय होतं लिवायला?"

आत्याबाईनं डोळ्यावर हात धरून गंगीकडं बघितलं. "गंगी लिहिली व्हय तू?" म्हणाली आन् हसली. तिच्या तोंडात दोनच दात, पण दोन्ही दिसले. कारभाऱ्याचा हात खाली आला. आमची खूण तर जागच्या जागी होती. तो म्हणाला, "असू दे आता. पावसानं जाईल." माझ्या लेकीनं आमची सगळी दौलत लिहून काढली होती. मी गंगीपाशी जाऊन तिचं ग निरखत बसले.

मंग मेंढरं नेहमीसारखी गावातून पाण्याला नेली. तिथं घात झाला.

पाटलाचा पुतण्या बन्सी हॉटेलापुढं उभा होता. तोही कंपनीत जायचा. पँट घालायचा, खिशाला पेन लावायचा. शहरात भिंतींवर, एस्टीवर नामांतराच्या घोषणा लिहिलेल्या त्यानं रोज बघितलेल्या. त्या साली लिहिलेलं काही दिसलं की माणसं बिचकायची. कोणी लिहिलं, कशाला लिहिलं, आता काय होणार! आन् हिथं तर उभा कळप लिहिलेला, तो बी हिवराळे बाईंच्या वर्गातल्या पोरीचा. बन्सी बोंबलला, "अरे, धनगराच्या मेंढरांवर घोषणा लिहून गावातून फिरवायला लागली ती बाई!"

आम्ही मेंढरं वाघुरीत आणतो न आणतो तोच माणसं आली. म्होरं पुंजाराम पाटील, मागं बन्सी, त्याच्या मागं सात-आठ जण, हातात काठ्या. शेजारच्या तुकड्यात पाटलाचा गहू कापायला लागला होता. त्या बाया विळे घेऊन बांधावर येऊन उभ्या ऱ्हायल्या, त्यांच्यात पाटलीणबाई बी.

"कारभारी," पाटील म्हणाला, "हे काय सोंग आणलंस माझ्या रानात?"

"मालक, लेकरानं लिहिलंय. मेंढरांची नावं हायेत."

"धनगराचं लेकरू लिहितं व्हय?" बन्सी हसला. "चार दिवस लिंबाखाली बसून? कोणाला शिकवतो?"

माणसं हसली. कारभारी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत ऱ्हायला. माझा नवरा लांडग्यापुढं एकटा उभा ऱ्हायलेला माणूस. त्याला असं उभं बघून माझं काळीज तुटलं.

पाटील म्हणाला, "सरळ सांगतो. मेंढरं धुवून काढ. पोरीला वर्गातून काढ. आन् पारावर येऊन चारचौघांत सांग की हे त्या बाईनं लिहायला लावलं. पुढचं आमचं आम्ही बघू, बाई पुन्हा ह्या गावात दिसायची नाय. नायतर आत्ताच्या आत्ता वाडा हलव."

वाडा हलवायचा म्हंजे पाल, मेंढरं सगळं उचलायचं, पण न्यायचं कुठं? चैत्र तोंडावर. बाकीच्या रानांत कवाच दुसऱ्यांचे कळप बसलेले. आमच्या निम्म्या मेंढ्या नुकत्या व्यालेल्या, एक तर त्याच पहाटं. ती कोकरं उन्हात दोन कोस चालली असती तर वाटंतच पडली असती. कारभाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुतळीकडं बघितलं. ती लिंबाकडं बघत होती.

बाई येत होत्या. मागं वर्गातली पोरं, हातात पाट्या.

"पाटील, नमस्कार," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं. वस्तूंवर पहिलं अक्षर काढा म्हणून."

"बघा! कबूल केलं!" बन्सी ओरडला.

"मग वाचून बघा ना, काय लिहिलंय ते."

बन्सी म्होरं झाला. गंगीकडं बघितलं. भुंडीकडं बघितलं. खिशातल्या पेनाला हात लावला. आन् मागं सरकला. आता काय बोलावं! पेन शोभेचा होता.

बाई भ्यायल्या होत्या, मला दिसलं. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं, बोटं पांढरी पडलेली. कोण भिणार नाय? समोर काठ्या, आन् मागच्याच साली मामाचं घर जळालेलं. पण आवाज वर्गातलाच होता, तसूभर हलला नाय. तवा मला कळलं, ही काडीएवढी बाई आमच्या सगळ्यांच्या वर हाये.

पाटील म्हणाला, "मला वाचता येत नाय. पोरीनं पाठ केलं असंल. ए पोरी, लिहून दाखव. हे बघ, ह्याचं लिही." त्यानं काठीनं पहाटंचं कोकरू दाखवलं. पांढरंफेक, अजून पाय थरथरत होते.

पुतळी म्हणाली, "हिला नाव नाय अजून."

"मंग झालंच की!" बन्सी म्हणाला.

कोकराची आई तेवढी ओरडत होती. आन् बांधावरून आवाज आला.

"माझं ठिव तिला."

पाटलीणबाई. विळा कमरंला खोवून खाली उतरली.

"कोणाचं?" पाटील म्हणाला.

"माझं. मनकर्णा."

बाया तोंडाला पदर लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. गावात ती पाटलीणबाई, घरात आई, पाटलाला "ऐकलं का". तिचं नाव मनकर्णा हाये हे तिच्या सुनंला तरी ठावं असंल का, कोण जाणे. पाटलाचं तोंड लाल झालं. "मेंढराला? माझ्या बायकोचं नाव मेंढराला?"

"मंग माणसांत कोण घेतंय ते?" ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "लिही गं पोरी."

पुतळीनं बाईंकडं बघितलं. बाई खाली बसल्या, तिच्या उंचीएवढ्या झाल्या.

"घाई करू नको. तोंडानं म्हण आधी. काय येतं पहिलं?"

"म... मनकर्णा."

"मग तेच काढ. मोठं काढ, लांबून दिसलं पाहिजे."

मी कोकरू धरलं. पुतळीनं गेरूत बोट बुडवलं, जीभ बाहेर काढली, आन् काढायला लागली. एक गाठ, मंग आडवी रेघ, मंग उभी. कोकरानं लाथ झाडली, रेघ वाकडी झाली. पोर थांबली नाय. वर्गातली पोरं माना उंच करून बघत होती. मी देवाला आळवत होते. बिरोबा, हिचं चुकू देऊ नको.

तवर शाळंतले गुरुजी बी येऊन उभे होते. म्हातारा माणूस, सगळ्यांना भिऊन असायचा. पाटील म्हणाला, "गुरुजी, काय हाये ते?"

गुरुजींनी चष्मा पुसला, वाकले. "म आहे पाटील. मनकर्णाचा म." मंग त्यांना काय झालं कोण जाणे, ते कळपात शिरले आन् वाचतच सुटले. "हा ग. हा भ. हा च, चांदीचा असेल. हा र. घोषणा कुठेच नाही हो ह्यात. पहिलीच्या पोरीनं इतकं माझ्याकडे कधी लिहिलं नाही."

पाटलीणबाई कोकरापाशी उकिडवी बसली. अंगठा पुढं केला आन् त्या ओल्या म वर हळूच टेकवला. अंगठ्याला गेरू लागला. ती अंगठ्याकडं बघत म्हणाली, "हे मी व्हय? एवढंच? एवढंच तर हाये." आन् डोळ्याला पदर लावला. कोणी हसलं नाय. मंग तिनं इचारलं, "आमच्या आशीचं कसं काढत्यात गं?"

"आ काढावा लागतो," पुतळी म्हणाली. "पण मी सांगून काय उपेग? ती वर्गात कुठं येती? तिला कोण शिकवंल?"

पाटलीणबाई उठली. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "उद्या आशी शाळंत येईल. मी सोडायला येईन."

पाटलानं काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. शेवटी कारभाऱ्याला म्हणाला, "खालच्या तुकड्यातला बी पाला चारून घे," आन् वळून चालायला लागला. त्याच्या मागं बाकीचे बी पांगले. बन्सी कवा गेला ते कोणाला दिसलंच नाय.

बाई तिथंच ढेकळावर बसल्या. आत्याबाई लंगडत पालात गेली, तांब्या भरून आणला. बाईंनी सवयीनं ओंजळ पुढं केली. आत्याबाईनं त्यांच्या हातात तांब्याच ठिवला. "तोंड लावून पी गं माय. आन् सांडू नको, लांबून आणावं लागतं." बाई प्यायल्या. मला रडू आवरंना, म्हणून मी उगाच कुत्र्यावर ओरडले.

पाडव्याला लिंबाखाली पाटीपूजन झालं. पाट्यांवर सरस्वती काढली, लिंबाचा मोहर वाहिला, पोरांच्या गळ्यात साखरंच्या गाठी. आशी पहिल्या रांगंत, पुतळीला खेटून. तिच्या मागून गावातली बाकीची पोरं बी हळूहळू यायला लागली. आमची कोकरं लिंबाच्या खोडाला बांधलेली, त्यात मनकर्णी बी होती. तिला आम्ही कधी इकली नाय.

वैशाखात आम्ही बिऱ्हाड घोड्यावर टाकलं आन् देवगावच्या वाटंला लागलो. पुतळी पहिली पास झाली होती. कळप पाटलाच्या घरापुढून निघाला. दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं एक म काढलेला. वाकडा, मोठा, थरथरत्या हातानं काढलेला. पुतळीचा नव्हता, तिची रेघ मला ठावी होती. घरात लगीन निघालं होतं, म्हणून भिंतींना चुना देणं चाललं होतं. चुना देणारा ब्रश घेऊन त्या म पाशी आला. पाटील ओट्यावर बसला होता.

"तेवढं सोड," तो म्हणाला. "बाजूनं दे. ते माणसाचं नाव हाये."